कुठेही चालेल

मांजर्ली, बदलापूर (प.)
१२ नोव्हेंबर २००६

सम्यकच्या पप्पांना,

जयभीम. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायचं असतं, पण आज हात वळला नाही. नुसत्या जयभीमवर भागवून घ्या.

तुमचं इनलँड मिळालं. फेब्रुवारीत गावाला गेलात, त्यानंतरचं हे तुमचं पहिलं पत्र. इतक्या महिन्यांनी नवऱ्याचं पत्र येतं आणि त्यात काय, तर महाबळेश्वर, पचमढी आणि अजिंठा-वेरूळ. प्रत्येकाखाली पट्टीनं रेघ मारलेली आणि पुढे 'बघण्यासारखे भरपूर'. माझी चौकशी अगदी शेवटी, डिंक लावतात त्या घडीवर. पत्र उघडताना ती फाटली, 'गुडघे कसे' एवढंच उरलं. गुडघे तसेच आहेत.

सम्यकनं तुम्हालाही तेच सांगितलेलं दिसतंय. लग्नाला तीस वर्षं होतात, डिसेंबरात दोघं आठवडाभर कुठेतरी जाऊन या, सगळं बुकिंग मी पुण्यातून करतो, तुम्ही फक्त ठिकाण ठरवा आणि महिनाअखेरपर्यंत कळवा. पोरगा चांगला आहे. त्याला वाटतं, आईवडील बोलत नाहीत कारण त्यांना थंड हवा मिळालेली नाही.

हे फोनवर ठरवता आलं असतं. पण तुम्ही स्टँडवरच्या बूथमधून ओरडणार, मी इकडून ओरडणार, 'पाणी येतं का?' 'येतं' एवढं झालं की तुमच्याकडचे शब्द संपणार. तेव्हा मी लिहितेच.

महाबळेश्वरला आपण गेलेलो आहोत. खरं म्हणजे तुम्ही गेला होतात, मी सोबत होते. फॅक्टरीतल्या तुमच्या सेक्शनची टूर. अख्खी बस, टपावर दोन स्टोव्ह, रॉकेलचा कॅन, तांदळाचं पोतं, पोळपाट-लाटणी. पुरुषांनी पॉइंट बघायचे आणि बायकांनी धर्मशाळेच्या पडवीत चपात्या लाटायच्या. तुम्ही धापा टाकत परत आलात आणि म्हणालात, "अगं, काय दरी होती! तू यायला हवं होतंस." मी म्हटलं, मीठ संपलंय, कोणाला तरी पाठवा. अजिंठ्यालाही तीच गत. तुम्ही सगळे वर लेण्यांत, आणि खाली मी आणि तुमच्या सेक्शनमधल्या रामभाऊंची बायको राजाबाई कांदे चिरत बसलेल्या. धर्मांतराच्या पुढच्या वर्षी जन्मले म्हणून बापानं हौसेनं यशोधरा नाव ठेवलं, आणि बुद्धाच्या इतक्या जवळ जाऊन मी कांदे बघून आले.

मला समुद्र हवा आहे. मुरूड, श्रीवर्धन, जवळचा कुठलाही. खुर्चीवर बसायचं आहे. दुसऱ्या कोणीतरी रांधलेलं जेवायचं आहे आणि जेवून झालं की ताट तिथेच ठेवून उठायचं आहे. पॉइंट एकही नको.

तुम्ही यावर काय म्हणाल ते मला इथे ऐकू येतंय.

यशोधरा

---

बदलापूर
२० नोव्हेंबर

सम्यकच्या पप्पांना,

जयभीम.

तेच म्हणालात. 'समुद्रात बघायचे काय? एक लाट बघितली की सगळा बघून झाला.' हे वाचून मी एवढ्या मोठ्यानं हसले की दुकानातल्या पोरी मशीन थांबवून बघायला लागल्या. हो, तुमचं पत्र मी उल्हासनगरला दुकानात नेलं होतं, डबा खाताना वाचायला. सध्या लगनसराई आहे. फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग माझ्या खांद्याइतका होतो आणि संध्याकाळपर्यंत कमरेइतका उतरवला की सेठ आणखी आणून टाकतात. डोळ्यांपुढे सगळे रंग एकच दिसायला लागतात. मला बघायचा कंटाळा आलाय, पप्पा. हे तुम्हाला कसं सांगावं कळत नाही. तुम्ही तीस वर्षं टूल रूमच्या भिंती बघितल्यात, म्हणून तुम्हाला दऱ्या, लेणी, धबधबे हवेत, हे मला समजतं. मला डोळे मिटले तरी चालेल अशी जागा हवी आहे.

टेकचंद सेठला रजा मागितली. त्याला आधी खरंच वाटेना. म्हणाला, "दीदी, आप और छुट्टी? किधर जाओगे?" मी म्हटलं, तेच ठरत नाहीये, मला समुद्र हवा, त्यांना डोंगर. तर म्हणाला, "साईं, सीधी बात है. हम मियां-बीवी अलग-अलग जाते हैं. वो हरिद्वार, मैं गोवा. शादी को चालीस साल हुआ, घूमने के ऊपर एक झगडा नहीं." सगळे हसले, मीही हसले. मग मशीनवर बसल्यावर वाटलं, आपण फेब्रुवारीपासून तेच तर करतोय. फक्त आपल्याला कोणी सहल म्हणत नाही.

खालच्या मजल्यावरच्या बनूबाई आठवतात ना, सोनिवलीची जमीन विकून इथे राहायला आल्या त्या? रविवारी जिन्यात भेटल्या. दोघंच जाणार म्हटल्यावर चेहराच पडला त्यांचा. "दोघाच? मंग आठ दिस बोलाल काय? आमचा म्हातारा एक दिस गप ऱ्हायला त मी त्याला डाक्टरकडं नेला." मी काहीतरी बोलून वर आले. पण खरंच, आपण दोघंच कधी गेलोय कुठे? आधी तुमची आई होती, मग सम्यक, मग सेक्शन. आपल्याला दोघांनाच बसवलं तर आपण काय करू, हे मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?

आता या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. पचमढीच्या धबधब्यांनंतर, ओळसुद्धा न सोडता तुम्ही लिहिलंय, 'सहलीत एकदाचे काय ते ठरवू. एकत्र राहायचे की आपापले.' पुढे लगेच पचमढीला जायची गाडी कुठली ते.

मी ते वाक्य परत परत वाचलं. आपापले म्हणजे काय? या वयात? तुम्ही महाड तालुक्यात भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत, कोंबड्या आणि आंब्याची कलमं सांभाळत, आणि मी इथे. एवढं ठरवायला आठवडाभर हॉटेल कशाला हवं, ते तर तुम्ही कधीच ठरवून मोकळे झालात. बॅग भरून गेलात तुम्ही. मी इथेच आहे, जिथे होते तिथे. जिन्याच्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या पुराची रेघ अजून तशीच आहे, आपण दोघांनी मिळून खालच्यांचं सामान वर ओढलं होतं. तेव्हा 'आपापले' नव्हतं.

गावाला ये म्हणता. तिथे वहिनींच्या चुलीपुढे बसायचं असेल तर मला सेक्शनची टूर बरी.

फार लिहिलं. उद्याच्या साड्या आहेत.

यशोधरा

---

बदलापूर
२६ नोव्हेंबर, रविवार

सम्यकच्या पप्पांना,

या वेळी तुमचं पत्र म्हणजे अख्ख्या इनलँडवर एक ओळ. 'तुला हवे तिथे जाऊ. मला कुठेही चालेल.'

दोन दिवस ते पत्र फ्रिजवर पडून होतं. येता-जाता दिसत होतं. माझंच खरं झालं होतं, मुरूड म्हणून सम्यकला फोन करायचा, विषय संपला. पण फोन काही केला नाही. वाटलं, समुद्रावर हा माणूस तोंड पाडून बसणार, आणि आठही दिवस ते तोंड मीच बघणार. मग वाटलं, जाऊ दे, पचमढी म्हणून टाकू. मग स्वतःचाच राग आला. एका माणसानं सगळं ठरवायचं, चुकलं तर त्याचं, आणि दुसऱ्यानं 'चालेल' म्हणून हात झटकून मोकळं व्हायचं. तुम्हाला काय आवडेल ते लिहायला काय झालं होतं? मी भयंकर चिडले. तुमचं पत्र फाडणार होते.

तेवढ्यात सम्यकचा फोन आला. ठिकाण विचारायला. मी त्याच्यावरच ओरडले, तुझ्या बापाला सांग, चालेल हे काही उत्तर झालं का? तो म्हणाला, "आई, पप्पा पण तुझ्याबद्दल हेच म्हणतात."

आणि मग त्यानं सांगितलं. तुम्ही त्याला म्हणालात म्हणे, "तुझ्या आईला मी विचारलं, गावाला जाऊन राहतो, चालेल ना? ती म्हणाली चालेल. थांबा म्हणाली नाही."

मला ती सकाळ चांगली आठवते. तुम्ही रिटायर होऊन चार महिने झाले होते. दिवसभर घरात. माझ्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावलीत, हळदीला हळद आणि तिखटाला तिखट, जसं मला ते डोळ्यांनी दिसत नाही. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावलेत. मी दोन-चारदा तोडून बोलले, हे खरं आहे. त्या दिवशी मी डबा घेऊन चपला शोधत होते, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणालात, "मी गावाला जाऊन राहतो म्हणतो. चालेल ना?" मला वाटलं, कौलं शाकारून घ्यायची असतील, पंधरा दिवस राहून येतो म्हणताहेत. मी म्हटलं, चालेल. आणि गेले.

तुम्ही 'राहतो' म्हणालात, मी 'राहून येतो' ऐकलं. आणि मी 'चालेल' म्हटलं ते तुम्ही 'जा' असं ऐकलंत.

अहो, तीस वर्षं झाली, तुम्हाला माझं चालेल कळलं नाही? नवी सून म्हणून आले तेव्हा तुमच्या आईनं विचारलं, भाकऱ्या जाड झाल्या तर चालतील ना, मी म्हटलं चालेल. सेक्शनच्या टूरला चालेल. सम्यक पुण्याला जातो म्हणाला, चालेल. त्या दिवशी मी स्टेशनवरून परत येऊन किती रडले ते तुम्ही बघितलंयत. माझ्या चालेलचा अर्थ हो नसतो, नको पण नसतो. मला उशीर झालाय, मी दमलेय, आणि मी काही म्हटलं तरी फरक पडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. एवढं सगळं बोलायला वेळ नसतो म्हणून बाई चालेल म्हणते. तुम्ही एकदा, फक्त एकदा परत विचारायचं होतं. "खरंच जाऊ का गं?" एवढं.

पण तुमचं चालेल फ्रिजवर ठेवून दोन दिवस काढल्यावर हेही कळलं की ते ऐकणाऱ्याला किती एकटं वाटतं. महाबळेश्वर, अजिंठा ही सगळी ठिकाणं तुम्ही एकट्यानं ठरवलीत म्हणून मी इतकी वर्षं कुरकुरले. तुमच्याबरोबर ठरवायला दुसरं कोण होतं?

तर आता ऐका. मी ठरवलंय. मुरूड. अठरा डिसेंबर. तुम्ही महाडहून या, मी पनवेलहून येते, आधी पोचेल त्यानं स्टँडवर थांबायचं. तिथे जंजिरा आहे, त्या बाजूला कुड्याची बौद्ध लेणी आहेत, तुम्हाला बघायचं ते बघा. मी खुर्चीतून उठणार नाही. तुम्हाला समुद्र आवडत नाही हे मला माहीत आहे. आवडत नसेल तर आवडत नाही असं लिहा. येणार नसाल तर नाही लिहा. चालेल लिहिलंत तर मी पत्र परत पाठवीन.

यशोधरा

---

बदलापूर
१ डिसेंबर

सम्यकच्या पप्पांना,

जयभीम.

'मला समुद्र मुळीच आवडत नाही. खारट हवेने अंग चिकट होते. मासळीचा वास सहन होत नाही. येतो.'

हे तुमचं तीस वर्षांतलं सगळ्यात चांगलं पत्र आहे. मी ते बनूबाईंना वाचून दाखवलं, मासळीचा भाग सोडून, त्यांना राग आला असता.

सम्यकनं खोली घेतली आहे, समुद्र दिसतो म्हणे. जेवण तिथेच. स्वेटर आणा, नाही म्हटलं तरी संध्याकाळी वारा असतो. ब्लडप्रेशरच्या गोळ्या विसरू नका. तिथे काय ठरवायचं आहे ते मी विसरलेले नाही. मला त्याची भीती वाटते, एवढंच.

सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर तुम्ही येणारच. पायात चप्पल जुनी घाला.

सप्रेम,
यशोधरा

---

घरी
२८ डिसेंबर, सकाळी

सम्यकच्या पप्पांना,

तुम्ही आत झोपला आहात. पहाटे पाचला उठून भांडी वाजवणारा माणूस आज आठ वाजले तरी उठत नाही, म्हणजे मुरूडनं तुम्हालाही दमवलं. उठवणार होते. मग वाटलं, तोंडानं मला जमत नाही, लिहूनच जाते. चहाचं आधण ठेवलंय आणि शेजारी हा कागद आहे, अक्षर वाकडं येईल.

बनूबाईंनी काल विचारलं, काय बोलला आठ दिस? मी म्हटलं, भांडलो. त्या खूश झाल्या. खोटं नाही ते. पहिल्या दिवशी तुम्ही जंजिरा बघून आलात आणि मी जागची हलले नाही म्हणून चिडलात. दुसऱ्या दिवशी लेण्यांना एकटे गेलात, संध्याकाळी उशिरा आलात, तोवर माझ्या जिवाला घोर. तिसऱ्या दिवशी तुमचं बघायचं सगळं संपलं. मग हॉटेलवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची मागून आणलीत आणि माझ्या बाजूला ठेवलीत. वाळूत एक पाय रुतत होता, तुम्ही तीनदा उठून ती सरळ केलीत. मग म्हणालात, "बघतेस काय एवढं?" मी म्हटलं, काही नाही. तुम्हीही काही न बघता बसलात. थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणालात, "गावाला संध्याकाळी बोलायला कोणी नसतं गं. दादा लवकर झोपतो. मी कोंबड्यांशी बोलतो." मला रडू येत होतं आणि वाऱ्यामुळे ते खपून गेलं.

'काय ते ठरवू' म्हणून गेलो होतो. आठ दिवसांत ना तुम्ही विषय काढलात ना मी. परत निघताना मुरूडच्या स्टँडवर तुमची गाडी एका बाजूला, माझी दुसऱ्या. तुम्ही माझी बॅग पनवेलच्या गाडीत चढवलीत, मग तुमचीही चढवलीत आणि म्हणालात, "तुझे गुडघे. जिना कशी चढशील सामान घेऊन." गुडघ्यांचा एवढा चांगला उपयोग कधी झाला नव्हता.

सामान वर आलं. तुमची बॅग मात्र आल्यापासून दाराशी आहे, चेनसुद्धा उघडली नाहीत. रोज एक शर्ट तिच्या तोंडातून ओढून काढता. काल जेवताना म्हणालात, "उद्या दुपारची महाडची गाडी आहे. निघतो म्हणतो." आणि माझ्याकडे बघत राहिलात. तुम्ही या वेळी थांबून बघत होतात, हे मला कळलं. आणि मी काय केलं, तर भात वाढू का विचारलं. तुम्ही नको म्हणालात आणि हात धुवायला उठलात.

मी स्वतःला सांगितलं की तोंडात घास होता. घास नव्हता. मला भीती वाटली. जाऊ नका म्हणायचं आणि तरी तुम्ही गेलात तर? न म्हणता गेलात तर निदान मी मागितलं नव्हतं, असं मला म्हणता येतं. फेब्रुवारीपासून मी तेवढ्यावरच दिवस काढलेत.

आता मागते. दुपारच्या गाडीनं जाऊ नका. गाव सोडा म्हणत नाही. कलमांना पाणी घालायला जात जा, लगनसराई संपली की मीही येईन, वहिनींना भाकऱ्या करू लागेन. पण राहायला इथे राहा. माझे डबे परत उंचीप्रमाणे लावा, मी बोलेन, तुम्ही उलट बोला. मी फार दमले आहे हो. साड्यांनी नाही. संध्याकाळी या घरात पहिला दिवा लावून दमले आहे.

चहा झाकून ठेवलाय, नुसता गरम करा. आमटी फ्रिजमध्ये आहे.

दाराला लॅच आहे, ओढून घेतलं की बंद होतं. माझी चावी मी आज नेत नाही, या कागदावर ठेवली आहे. दुसरी सम्यककडे पुण्याला आहे.

सातला मी बेल वाजवीन.

यशोधरा